न घासलेला रुपया

बाबांच्या नाण्यांच्या डब्यात एक राणीछाप रुपया होता आणि त्याच्यामागे एक किस्सा होता. करोल बागेतल्या आमच्या घरी कोणी चहाला आलं आणि डबा निघाला, की बाबा तो रुपया कडांना धरून वर करायचे. "बघा, आमच्या हिने लक्ष्मीपूजनाला चांदीबरोबर हाही घासून टाकला. इतिहासाला दातांची पावडर लावली!" सगळे हसायचे. आई पहिली काही वर्षं म्हणायची, "मी हात लावला नाही हो त्याला." पुढे तीही हसायला लागली आणि हसता हसता चहा टाकायला आत जायची.

नाणी जमवणाऱ्यांच्या जगात घासण्याइतकं मोठं पाप नाही. नाणं काळं पडलं तरी चालतं, झिजलं तरी चालतं. पण कोणी ते चकचकीत केलं की ते कामातून गेलं. आपल्या घरांत मात्र नेमकं उलटं. दिवाळीला चांदी घासली नाही तर बाई आळशी. बाबांचा आणि आईचा धर्म इथेच वेगळा होता.

मी नऊ वर्षांची होते त्या दिवाळीत तो रुपया पहिल्यांदा पाटावर मांडला गेला. नंतर बाबा त्याची परीक्षा करून घ्यायला एका व्यापाऱ्याकडे गेले. त्याने नाणं दिव्याखाली फिरवलं आणि म्हणाला, "बाऊजी, किसी ने रगड़ दिया है. चमक देखो." तो खोटं बोलला की चुकला, कोण जाणे. बाबा घरी आले ते तणतणतच. आई म्हणाली, नाही घासला. बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तू होतीस ना तिच्याजवळ? घासला की नाही?"

मी होते. निरांजन, करंडा, अत्तरदाणी, आईच्या माहेरची दोन नाणी, एकेक वस्तू मीच तिच्या हातात देत होते. राणीछाप तेव्हा कागदाच्या पुडीत होता. पूजेच्या वेळी आईने तो बाबांनी शिकवल्याप्रमाणे कडांना धरून ठेवला. कुंकूसुद्धा तिने त्याच्याखालच्या विड्याच्या पानाला लावलं. हे सगळं मला माहीत होतं. पण बाबांचा आवाज चढला की माझी दातखीळ बसायची. मी म्हटलं, "आठवत नाही."

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यावर ती मला कधीच काही बोलली नाही, आणि हेच मला अजून झोंबतं. पुढच्या दिवाळीपासून तिने पाटावर चालू नाणी मांडली, भाजीवाल्याकडून सुटे पैसे म्हणून आलेली. बाबांच्या डब्याला ती पुन्हा शिवली नाही.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर बाबांनी डबा उघडणंच सोडलं. मी गुरुग्रामहून दर रविवारी मेट्रोने जायचे आणि आम्ही दोघं टीव्हीकडे बघत बसायचो. काहीतरी उद्योग हवा म्हणून मीच सुचवलं, चांगली नाणी ग्रेडिंगला पाठवू या. तिथे तज्ज्ञ भिंगाखाली नाणं तपासतात, सत्तरपैकी आकडा देतात आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून पाठवतात. घासलेल्या नाण्याला आकडा मिळत नाही, नुसता तसा शेरा मिळतो. बाबांनी उत्साहाने सहा नाणी काढली. सातवा मी राणीछाप ठेवला.

"याला कशाला? पैसे वाया. तुझ्या आईने—"

"जाऊ दे ना बाबा, यार. एक माझ्याकडून."

मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. जे मी बोलले नाही ते कोणीतरी तिऱ्हाइताने बोलावं.

दीड महिन्याने पार्सल आलं. बाबांनी एकेक डबी खिडकीशी नेऊन पाहिली. राणीछापावर आकडा होता, त्रेसष्ट. त्यांनी डबी उलटी केली, परत सुलटी केली, चष्मा पुसला.

"शेरा कुठे आहे?"

"नाहीये बाबा. घासलेला नाही तो. ती मुळातली चमक आहे, टांकसाळीतली."

ते पलंगावर बसले. मग म्हणाले, "ती सांगत होती. मी त्या माणसाचं ऐकलं, हिचं नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू लहान होतीस. तुला काय आठवणार."

पन्नाशीच्या बाईला बापाचा काय धाक? तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. मी म्हटलं, "हो बाबा."

तेवढ्यात शेजारच्या आंटी आल्या, नाणी आल्याचं ऐकून. बाबांच्या हातातली डबी बघून त्या नेहमीसारख्या हसल्या. "अच्छा, यही है ना भाईसाहब, भाभीजीवाला? जो रगड़ दिया था?"

"नहीं," बाबा म्हणाले. "उसने हाथ भी नहीं लगाया था."

आंटींना काही कळेना. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठले आणि चहा टाकायला आत गेले.