प्रज्ञाच्या जॉयस्टिकमध्ये लूमचं तेल

आधी आल्या त्या वन्सं... आणि मागोमाग त्यांचा बाळ्या. पडघ्याहून बस पकडून, कळवणं वगैरे काही नाही. बरं, आल्या तर आल्या, नणंद आहे, चहा ठेवला. कुणाची सून माहेरी जाऊन बसली ते सांगून झालं, कुणी गोडाऊन भाड्याने दिलं तेही झालं. मी मेथी निवडत ऐकत होते... आणि तेवढ्यात बाळ्या आतल्या खोलीत गेला. तिथेच घात झाला.

आतल्या खोलीत माझ्या नातीचं, प्रज्ञाचं, विमान असतं. कम्प्युटरवरचं हो, पण दांडा खरा. त्याला जॉयस्टिक म्हणतात. शेजारी दुसरा एक दांडा, तो थ्रॉटल. पुढे ढकलला की विमानाला जोर येतो, मागे ओढला की जोर कमी.

खेळणं नाही ते. पायलटच्या कोर्सला घ्यायचं की नाही त्याची टेस्ट येत्या बुधवारी आहे, आणि तिथे असेच दांडे हातात देतात. शेजारच्या शेलार गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन पोरीने हे घेतलंय. विमान उतरवताना तिचं तोंड बघा एकदा... मी तर भाजी करपवून बघत बसते.

नवीन आलं तेव्हा जॉयस्टिक इतकी कडक, की मनगट भरून यायचं. जरा हलवायला जावं तर अडकायची, मग एकदम झटक्याने सुटायची आणि विमान आडवं. नवी चप्पल चावते ना, तसंच. प्रज्ञा म्हणाली, आजी, हिला तेल नको, हात हवा. सावकाश चारी बाजूंना पार टोकापर्यंत न्यायची, मग गोल फिरवायची.

ती कॉलेजला गेली की ते काम माझं. जेवण झालं, टीव्ही लावला, जॉयस्टिक मांडीवर... उजवीकडून गोल, डावीकडून गोल. शेजारीण दारातून विचारायची, "आजी, आज कुठं?" मी म्हणायचे, "दिल्लीला. येतेस का?" झालं की मऊ फडक्याने धूळ पुसायची, वर रुमाल झाकायचा. हळूहळू अशी वळणावर आली, की दोन बोटांनी हलायला लागली.

थ्रॉटलचं मात्र उलटं. तो थोडा कडकच हवा, ठेवला तिथेच थांबला पाहिजे. त्याच्या आत मऊ कापडाच्या पट्ट्या असतात, त्या त्याला दोन्हीकडून धरून ठेवतात.

आता बाळ्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, फिटर. आणि आमच्या भिवंडीत काय... दाराची कडी कुरकुरली, लूमचं तेल. सायकलची चेन, लूमचं तेल. गुडघ्याला चोळणारेही आहेत. बाळ्याच्या पिशवीत बाटली कायम. याने थ्रॉटल हलवून बघितला, कडक लागला, आणि ओतलं की हो! जॉयस्टिकच्या बुडाशी रबर असतं, त्याच्याखालीही सोडलं. वर बाहेर येऊन मलाच सांगतो, "मामी, जाम होता तो. आता एकदम मक्खन!"

माझं डोकं असं फिरलं... मेथी राहिली बाजूला. "अरे मक्खनवाल्या, विचारायला तोंड नव्हतं का तुला?"

प्रज्ञा आली. थ्रॉटल पुढे ढकलून सोडला, तर तो आपोआप घसरत मागे. पडद्यावरचं विमान खाली, खाली... तिचे नुसते डोळे भरले. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिच्या वाटचंही मीच ओरडले.

वन्संना लेकाचा पुळका. "एवढं काय वहिनी? आपल्यात आजवर कुणी विमानात बसलं न्हाय, अन् ही चालवणार हाय!"

"कुणी बसलं नाही म्हणूनच चालवणार! चालवेल आणि तुम्हालाही बसवेल. बाळ्या, बस गेली तर जाऊ दे, हे पुसल्याशिवाय तू हलायचा नाहीस."

बसवला त्याला. प्रज्ञाने स्क्रू काढले, आणि इंजेक्शनच्या वेळी लावतात त्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून बाळ्याने एकेक भाग पुसला. मान खाली घालून, ड्युटी लागल्यासारखा. मग प्लास्टिकला चालणारं ग्रीस होतं तिच्याकडे, ते नखभर लावलं. जॉयस्टिक सुधारली.

थ्रॉटलच्या पट्ट्या मात्र तेल पिऊन बसल्या होत्या. नव्या मागवल्या तर बुधवारनंतर येणार. आता बाळ्यापण रडकुंडीला, "प्रज्ञा, सॉरी गं..." मला तर त्या सॉरीचाही राग येत होता.

तेवढ्यात वन्संनी काय करावं... चष्म्याची डबी काढली, आतली मखमल टर्रकन ओढली आणि पुढे केली. "ह्ये चालंल का गं?"

प्रज्ञाने कापली, चिकटवली, स्क्रू आवळले. थ्रॉटल अर्ध्यावर नेऊन सोडला. थांबला! पुढे नेला, तिथेही थांबला! मग तिने आत्याआजीचाच हात धरून ढकलायला लावला. विमान वर उठलं तशा वन्सं दुसऱ्या हाताने खुर्ची घट्ट धरून ओरडल्या, "अगं बाई, बघ बघ, आपलं पडघा दिसतंय का!"

राग माझा अजून गेलेला नाही, सांगून ठेवते. पण तोंडाने टोचून हाताने सावरणारी माणसं असतात, आणि ती आपल्याच घरातली निघतात... ते बरंच आहे म्हणायचं.

निघताना वन्संनी प्रज्ञाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. म्हणाल्या, "बुधवारी टेस्ट ना? मंग आम्ही गुरवारी येतो. चांगली झाली तर पेढं आणतो, न्हाय झाली तर तुझ्याजवळ बसायला तरी येतो."

गुरुवारी येणार आहेत. बाळ्यासकट.