लिफ्टवाल्याला दिलेली कादंबरी

चर्चच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे आणि त्याची किल्ली जिच्या पर्समध्ये असते तिला सगळी मंडळी कपाटमावशी म्हणतात. कपाटात नुसत्या प्रेमकादंबऱ्या, पण अगदी सभ्य. नायक-नायिका हात धरतात तोसुद्धा प्रार्थना झाल्यावर. मधेच कुणाचा तरी विश्वास डळमळतो, देव वाट दाखवतो आणि शेवटच्या पानावर लग्न लागतं. पाळकसाहेब त्या कपाटाकडे बघून जरा हसतात, पण त्यांच्या बायकोच्या उशाला त्यातलंच एक पुस्तक असतं.

मावशी आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी असते. तिथे ती गिऱ्हाइकाला दहा फ्रेमा दाखवून हीच बरी की ती बरी, असं विचारत बसते. पुस्तकाच्या बाबतीत मात्र ती कुणाला काही विचारत नाही. तोंड बघूनच पुस्तक काढते. नवऱ्याशी अबोला धरलेलीला एक, सासूच्या जाचाला कंटाळलेलीला दुसरं. वर बजावणार, की मधे फार रडू येईल, पण वाचायचं सोडू नकोस, पुढे सगळं ठीक होतं. आणि खरं सांगायचं तर बायकांना बरं वाटायचं. मावशीचं औषध सगळ्या गावाला लागू पडलं, घरात तेवढं अंगावर उठलं.

घरात एकुलती एक मुलगी. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला, पस्तिशी ओलांडलेली. शाळेत असतानाच तिनं ते कपाट वाचून काढलं होतं. एका स्थळाला ती नाही म्हणाली, कारण तो फार मोठ्यानं हसायचा. दुसरा स्वतःच्या गाडीबद्दलच बोलत बसला. तिसऱ्यात काहीच खोट नव्हती, पण तो दारातून आत आला तेव्हा तिच्या छातीत काही हललं नाही म्हणे. दर वेळी मावशी तोंडानं म्हणायची, देवाच्या वेळेची वाट बघ. आपल्यामागे ही पोर एकटी राहणार, ही एकच काळजी मात्र तिला आतून खात होती.

आणि आता हा लिफ्टवाला. लॅबच्या इमारतीतली लिफ्ट सारखी अडकायची, ती दुरुस्त करायला यायचा. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा. डोक्यावरचे केस विरळ, नखांत ग्रीस, बोलणं मोजकं. त्यानं एक दिवस जिन्यातच मुलीला विचारलं, "मला तुमच्याशी लग्न करायला आवडेल. विचार करून सांगा, घाई नाही." मुलगी लगेच नाही म्हणाली नाही. रविवारी उपासनेनंतर सांगते म्हणाली.

नाही म्हणाली नाही, एवढ्यावरच मावशीची झोप उडाली. भाजीत दोनदा मीठ पडलं. दुकानात एकाचा चष्मा दुसऱ्याच्या हातात दिला आणि मालकाची बोलणी खाल्ली. बसली की उठायची, उठली की खिडकीशी जायची. माणूस चांगला आहे हे तिला दिसत होतं. पण बोलतो कसा, तर सरकारी सूचना वाचून दाखवल्यासारखा! अशाला आपली लेक हो कशी म्हणेल? जरा दोन शब्द गोड बोलला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?

मग मावशीनं तेच केलं जे ती आयुष्यभर करत आली होती. त्याला कपाटापाशी बोलावलं आणि पुस्तक दिलं. नवव्या प्रकरणात कागदाची खूण घालून सांगितलं, एवढं नीट वाच, तिला असं बोललेलं आवडतं. त्यानं नव्या यंत्राची माहितीपुस्तिका घ्यावी तसं ते दोन्ही हातांनी घेतलं.

शनिवारी दुपारी तो घरी आला. शर्टाला कडक इस्त्री, नखं घासून लाल केलेली. मावशीनं चहा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड कान देऊन उभी राहिली. त्यानं घसा खाकरला. "मी आजवर जितकी दारं ठोठावली," तो म्हणाला, "ती सगळी तुमच्याच दाराकडे येण्याची वाट होती."

मग मुलीनं विचारलं, "नववं प्रकरण ना?"

त्या बिचाऱ्याला खोटं बोलता येत नव्हतं. हो म्हणाला, मावशींनी दिलं म्हणाला. तुम्हाला आवडेल असं वाटलं, म्हणून पाठ केलं, हेही सांगून टाकलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि चहाला न थांबता निघून गेला.

मावशी बाहेर आली आणि पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला लागली. मी तुझ्याच भल्यासाठी, त्याला जरा बोलायला यावं म्हणून, असं काहीबाही तिचं चालू होतं. मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्यानं जिन्यात विचारलं ना आई, ते मला आवडलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर वेळ मागितला. आज तो बोलायला लागला आणि मला तुझाच आवाज ऐकू आला."

मावशीचा हात थांबला.

"बाबांनी तुला कसं विचारलं होतं?"

कपाटातल्या कुठल्याही नायकानं कसं विचारलं हे मावशीनं झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. नवऱ्याचं मात्र आठवेना. घरी आला होता, काहीतरी पगाराचं बोलला असावा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. आठवायला गेलं की एकच दिसायचं. संध्याकाळ, समोरच्या खुर्चीत तो, काहीतरी सांगायला तोंड उघडलेलं. आणि आपण ओळीवर बोट ठेवून म्हणतोय, थांबा हं, एवढं प्रकरण संपू दे. तो थांबायचा. प्रकरण संपेपर्यंत पेंगायला लागायचा. काय सांगायचं होतं ते तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"तू सुखी होतीस का गं?" मुलीनं विचारलं.

मावशी खुर्चीत बसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती लगेच उठली नाही.

"माहीत नाही गं मला," ती म्हणाली. "माझं लक्षच नव्हतं. मी वाचत होते." आणि मग तिला रडू कोसळलं. नवऱ्याच्या मरणाच्या वेळीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

मुलगी काही वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिनं चपला घातल्या. कुठे निघालीस, असं मावशीनं विचारलं, तर म्हणाली, तो अजून थांब्यावरच असेल, या वेळेला बस लवकर येत नाही.

"त्याला काय सांगणार?"

"सांगणार काही नाही," मुलगी म्हणाली. "बसते जरा त्याच्याजवळ. तो काय म्हणतोय ते ऐकते."

मावशीच्या जिभेवर एक छान वाक्य आलं होतं, अशा वेळी आईनं म्हणावं असं. ते कुठल्या पुस्तकातलं हेही तिला आठवलं. तिनं ते गिळलं आणि डोळे पुसत म्हणाली, "जा, त्याची बस येईल."