कार्ड क्रमांक एकशे सतरा

प्रेमिला नागपुरात आमच्या रामदासपेठेतल्या घरी पहिल्यांदा आली ती २ सप्टेंबर १९९१ रोजी, सोमवारी. सासूबाईंचं उजवं अंग गेलं होतं आणि त्यांना उठवा-बसवायला कोणीतरी हवं होतं. जवळच्या एका प्रसूतिगृहात ती आया होती. दुपारी दोनला तिची पाळी संपे, त्यानंतर तीन तास ती आमच्याकडे येणार असं ठरलं. रोजनिशीत त्या दिवशीच्या पानावर मी लिहिलं आहे : "चौतिशीची. जवळच्या खापा गावची. बोलणं रोखठोक. टिकेल की नाही सांगता येत नाही."

तिनं चपला काढल्या, आत आली आणि आरामखुर्चीतल्या माझ्या यजमानांकडे बघत उभी राहिली. हे मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. माणसाचं मूळ शोधणं हा त्यांचा व्यवसाय आणि त्यासाठी गावोगाव फिरून लोकांची डोकी नि नाकं मोजणं ही त्यांची पद्धत.

"या सरांनी माह्या बाबाचं डोकं मोजलं होतं," ती मला म्हणाली. "लहानू विणकर, खापा. कार्डावर बौद्ध लिहिलं होतं सरांनी. बाबा अजूनबी सांगते साऱ्याइले."

हे "हो, हो" म्हणाले आणि चष्मा शोधायला आत गेले. चष्मा डोळ्यांवरच होता.

प्रेमिला टिकली. सासूबाई चार वर्षांनी गेल्या, तरी तिचं येणं थांबलं नाही. पगाराची बाई होती ती कधी मैत्रीण झाली, ती तारीख मात्र माझ्याकडे नोंदलेली नाही.

रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर ह्यांचे विद्यार्थी आणि बाहेरगावचे विद्वान जमत. माणूस जात्याच भांडकुदळ आहे की परिस्थिती त्याला तसा करते, असल्या विषयांवर तासन्‌तास बोलणं चाले. १९९८ मधल्या एका रविवारी पुण्याचे एक वयस्क गृहस्थ ठामपणे सांगत होते की माणूस जन्मतःच मूठ आवळतो, हा लढण्याचा पुरावा आहे. त्या दिवशी पाळी नव्हती म्हणून सकाळीच आलेली प्रेमिला आतून मेथी निवडता निवडता बाहेर आली.

"मूठ आवळते ते मारायले नाही सर, धरायले," ती म्हणाली. "तुमी बोट द्या त्याच्या हातात. सोडत नाही ते."

त्यांनी विचारलं, हे कुठे वाचलंत?

"वाचलं नाही. हजार खेपा पायलं." आणि परत मेथीकडे गेली.

सगळे हसले. मधुसूदन नावाचा ह्यांचा लाडका विद्यार्थी सर्वांत मोठ्यानं हसला, पण नंतर वही काढून ते वाक्य त्यानंच लिहून घेतलं. पुढे तो डॉक्टर मधुसूदन झाला, एका संशोधन संस्थेचा प्रमुख झाला. त्या वाक्याचं काय केलं ते ठाऊक नाही.

प्रेमिलाच्या वडिलांना मी एकदाच पाहिलं. लेकीला भेटायला आले होते. बारीक अंगाचा, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला माणूस. छप्पन्नच्या ऑक्टोबरात स्वतःच्या मागावर विणलेलं पांढरं धोतर नेसून ते खाप्याहून पायी नागपुरात आले होते आणि दीक्षा घेऊन पायीच परत गेले होते. प्रेमिलाचा जन्म पुढच्या वर्षीचा. "मी जन्मली तवा ती जात घरात नव्हतीच," असं ती म्हणे, जणू एखादं जुनं कपाट विकून टाकलं होतं. लहानूजींनी माझा चहा घेतला आणि तीच कार्डाची गोष्ट सांगितली. गावात किती मास्तर आले, किती तलाठी आले, सगळ्यांनी जुनंच लिहिलं. एक प्रोफेसर साहेब तेवढा माणूस निघाला. तालुक्याच्या कागदावर नसेल, पण नागपूरच्या विद्वानांच्या दप्तरी आपण बौद्ध आहोत.

मी त्यांना आणखी चहा ओतला. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही. ते १९९९ मध्ये गेले, हे २००९ मध्ये. त्यानंतरही मी बोलले नाही.

यंदा फेब्रुवारीत मधुसूदनचा फोन आला. सरांच्या जुन्या कार्डांचं खोकं त्याला संस्थेसाठी हवं होतं. ज्यांची मापं सरांनी घेतली त्यांच्या मुला-नातवंडांच्या गालाच्या आतून डीएनएचा नमुना घ्यायचा, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या मापांशी जोडून पाहायचं, असं नवं काम होतं. मी गुरुवारी ये म्हटलं. गुरुवारी दुपारी प्रेमिला येते, हे माझ्या लक्षात होतं. मुद्दामच म्हटलं की काय, ते मी अजून ठरवलेलं नाही.

मधुसूदन आला, बरोबर त्याच्या संस्थेतली भूमिका नावाची तरुण संशोधक. खोकं टेबलावर ठेवलं. प्रेमिला आता अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघे धरून उठते, पण त्या दिवशी झटकन उठली.

"एकशे सतरा काढ वं," ती भूमिकाला म्हणाली. "लहानू, खापा. बाबाले नंबर पाठ होता."

भूमिकानं कार्ड काढलं आणि वाचलं. नाव, वय चोपन्न, डोक्याची लांबी, रुंदी, नाकाची रुंदी. मग जातीचा रकाना. तिनं शब्द वाचला. तो शब्द मी इथे लिहीत नाही. लहानूजींनी जो टाकला होता, तोच.

प्रेमिलानं कार्ड हातात घेतलं. स्वतः वाचलं. बराच वेळ वाचलं.

"हे बदलून द्या," ती म्हणाली.

मधुसूदन वाईट माणूस नाही. त्यानं समजुतीनं सांगितलं की जुन्या नोंदीत हात घालता येत नाही, मूळ दस्तऐवज आहे, फार तर वेगळी टीप लिहून फायलीत लावू. प्रेमिलानं विचारलं की लोक कार्ड वाचतात की फाइल. तो म्हणाला, बहुतेक कार्डच. मग तो जरा चिडला असावा, कारण जे म्हणायला नको होतं ते म्हणाला.

"मावशी, तुमच्या नातीच्या, दीक्षाच्या, जातीच्या दाखल्यावर हाच शब्द आहे ना? तिथे चालतो, मग इथे काय बिघडलं?"

भूमिकानं मान खाली घातली. प्रेमिलानं मात्र हा प्रश्न आयुष्यभर ऐकला असावा, तसं शांतपणे उत्तर दिलं.

"सरकार विचारते, तुह्या खानदानावर काय बीतली? ते आम्ही सांगतो, दाखल्यावर लिहून देतो. तुमी विचारून राहिले, तू कोण? त्याचं उत्तर येगळं आहे सर. सवाल दोन आहेत. तुमी शिकले सवरले, तुमाले एकच कसा दिसते?"

मग तिनं कपाट उघडलं. आमचं घर तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. हिरव्या मखमलीच्या डब्यातून ह्यांचा डोकी मोजायचा कॅलिपर काढला, मोठ्या वाकड्या चिमट्यासारखा दिसणारा, आणि मधुसूदनला खुर्चीत बसायला सांगितलं. तो हसत बसला. तिनं दोन्ही टोकं त्याच्या कानांच्या वर टेकवली. तीस वर्षं तान्ह्या पोरांची डोकी हाताळलेली बाई, हात सराईत होता.

"लिही वं पोरी. नाव मधुसूदन. डोकं एकशे एकावन्न." मग नाक. "बत्तीस. आता जात सांगा."

"भारतीय लिही," मधुसूदन म्हणाला, अजून हसतच.

"नाही नाही. तुमचं म्हणणं चालत नाही. तुमच्या आजोबाच्या आजोबाले लोक काय म्हणत, ते सांगा. रकाना तसाच आहे, मी काय करू?"

तो हसायचा थांबला. त्याच्या आजोबांनी आडनाव बदलून घेतलं होतं, हे मला ह्यांच्याकडून कळलं होतं. खोलीत ते आम्हां दोघांनाच ठाऊक होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कोणाचं मूळ उघडं करायला बसले नव्हते. पण चिमटा अजून त्याच्या नाकाशी होता आणि त्यानं तो बाजूला सारला नाही.

तो हळूच म्हणाला की सरांनी तरी विचारूनच लिहिलं असेल; लहानूजींनी तेव्हा काय सांगितलं होतं, याला आता पुरावा काय?

पुरावा कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता. १९५२ पासूनच्या माझ्या रोजनिशीच्या वह्या तिथे वर्षवार लावलेल्या आहेत. मी चौऱ्याऐंशीची काढली आणि उभ्यानंच वाचली, कारण बसून वाचण्यासारखं ते नव्हतं :

"१२ फेब्रुवारी १९८४, रविवार. हे खाप्याहून सात वाजता परतले. चाळीस माणसं मोजून झाली. एक विणकर अडून बसला होता. बौद्ध लिहाल तरच डोक्याला हात लावू देतो म्हणाला. ह्यांनी होकार दिला, माप घेतलं, आणि रकान्यात जुनी जात लिहिली, कारण ह्यांच्या तक्त्यात बौद्ध ही वर्गवारी नाही. जेवताना हसत सांगितलं. मीही हसले."

प्रेमिला माझ्याकडे बघत होती. चौतीस वर्षं ती या घरात येत होती.

"पुढं वाचा," ती म्हणाली.

"पुढे काही नाही. दूधवाला आणि दळण."

"तुमाले मालूम होतं."

"हो."

"बाबा इथं बसून चहा पिले, तवाबी?"

"तेव्हाही."

मी माफी मागितली नाही. माफी मागून मलाच बरं वाटलं असतं. मी पेन उघडलं आणि कार्ड पुढे ओढलं.

मधुसूदन म्हणाला, "मॅडम, ही सरांची नोंद आहे."

"सरांचीच आहे, म्हणूनच," मी म्हणाले. "खोकं अजून माझ्या घरात आहे. हे कार्ड मी लिहीन तसं जाईल, नाहीतर एकही जाणार नाही."

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हांला खोडरबर वापरू देत नसत. चूक झाली की तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर शब्द, शेजारी सही, तारीख. त्या म्हणत, चूक लपवली की एकीच्या दोन होतात. सत्तर वर्षं मी माझ्या वह्यांत तसंच करत आले आहे. ह्यांच्या कार्डावर करायला मात्र एक्केचाळीस वर्षं लागली. मी त्या शब्दावर रेघ मारली. वर "बौद्ध" लिहिलं. खाली लिहिलं : "लहानूजींनी हेच सांगितले होते. प्राध्यापकांनी कबूल करून लिहिले नाही. आधार : माझी रोजनिशी, १२-२-१९८४." आणि सही.

"रेघेखालचं वाचता येते," प्रेमिला म्हणाली.

"येतं."

"येऊ द्या. कोणं लिहिलं आन् कोणं खोडलं, तेबी वाचता येऊ द्या." मग मधुसूदनकडे वळून, "कम्प्युटरातबी असंच. रेघेसकट."

मधुसूदननं भूमिकाला मान हलवून होकार दिला. त्याला ते आवडलं नव्हतं, पण त्यानं होकार दिला, हे मी नोंदवते.

यानंतर भूमिकानं पिशवीतून कापसाची लांब काडी आणि संमतिपत्र काढलं. आता सगळं मिटलं असं तिला वाटलं असावं. आजीबाई, गालाच्या आत फक्त फिरवायची, काही दुखत नाही, असं तिनं गोड आवाजात सांगितलं.

"नाही देत," प्रेमिला म्हणाली.

मधुसूदन म्हणाला, आता तर तुमच्या मनासारखं झालं.

"ते माह्या बाबाचं होतं, तुमीच ठेवलं होतं, तुमीच वापस केलं. त्याच्या बदल्यात मी काहून काही द्यायचं?" तिनं कॅलिपर डब्यात ठेवला, डबा कपाटात ठेवला आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. खोक्याबरोबर तोही संस्थेत जायचा होता. गेला नाही.

भूमिका अडचणीत आली. नकाराचं कारण लिहावं लागतं, तसा रकाना आहे, ती म्हणाली.

प्रेमिला चपला घालत होती. वाकून पट्टा लावायला तिला वेळ लागतो.

"लिही," ती म्हणाली. "बाबानं एकदा हो म्हटलं होतं. एकशे सतरा नंबरचं कार्ड पाहा."

भूमिकानं मधुसूदनकडे न बघता तसंच्या तसं लिहिलं. तारीखही घातली.

पुढच्या गुरुवारी प्रेमिला आली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी आली, मेथी घेऊन.