चाकांवरची माडी

पडदा वर जातो. डावीकडे दुसरबीडचा रस्ता, उजवीकडे कडुलिंब, त्याच्या सावलीत पंक्चरच्या दुकानापुढचं बाकडं. बाकड्याच्या मधोमध उत्तमराव. वय सत्तर, मिशी पांढरी, आवाज मात्र अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. दुकान केव्हाच दुसऱ्याला दिलं. बाकडं सोडलं नाही.

या बाकड्यावर पंचेचाळीस वर्षं एकच खेळ चालू आहे. उत्तमराव पंचविशीत असताना लोणारहून निघालेलं एक गोरं जोडपं दुकानापाशी थांबलं होतं. त्यांची मोटार म्हणजे चाकांवरचं घरच. उत्तमरावांनी पंक्चर काढलं, सवयीप्रमाणे रिमवर छन्नीने आपला 'उ' कोरला आणि जाताजाता ते आत डोकावले. शेगडी, पलंग, हात धुवायचं भांडं. एवढंच.

पण ही गोष्ट सांगायचा खेळ रोजचा आणि प्रेक्षक तेच. काहीतरी नवं द्यावंच लागतं. पाचेक वर्षांत मोटारीत न्हाणीघर आलं. मग गोऱ्यांचं देवघर आलं. शेवटी जिना आला, आणि जिना आला म्हणजे माडीही आलीच. त्या दिवशी प्रेक्षक उठून गेले. तेव्हापासून त्यांची बायको पुष्पाबाई दळण घेऊन निघाल्या की बाया विचारत, "काय माडीवालीण, आज खाली कशी?" पुष्पाबाई हसून पुढे जात. नवरा वाढवून सांगतो हे त्यांनाही माहीत होतं. पण मोटार तरी खरी होती, हे एकदा गावाला कळावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

यंदा दिवाळीत पुण्याचा पुतण्या राजकुमार आला. त्याला जुन्या घर-गाड्या हुडकून फोटो काढायचा नाद. काका-काकूंना गाडीत घालून तो चार दिवसांच्या फिरतीवर निघाला. साखरखेर्ड्याच्या अलीकडे एका तमाशा फडाचा जुना ट्रक दिसला. आत ट्रंकांच्या जागा, आरसा टांगायचा खिळा, त्याखाली रंगाची बोटं पुसल्याचे डाग. पुष्पाबाई त्या खिळ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. उत्तमराव खालीसुद्धा उतरले नाहीत. "यात काय पाहून राह्यला बे? माही पाह्यली असती तर येडा झाला असता!" पुढे रस्त्याच्या ठेकेदाराची चाकांवरची पत्र्याची खोली दिसली. "याले जिना कुठं हाय?" तीही नापास.

उंद्रीच्या पुढे तानुबाई नावाच्या म्हातारीच्या गोठ्यामागे तिसरी गाडी सापडली. तीन कोपरे विटांवर, चौथ्या कोपऱ्याला एक चाक शाबूत.

"सासऱ्यानं घेतली व्हती," तानुबाई म्हणाली. "गोऱ्यायचं इंजिन इथंच बसलं. आता कोंबड्या राह्यतात."

पुष्पाबाई चाकाशी बसल्या, पदराने चिखल पुसला आणि ओरडल्याच, "अहो, पाहा ना! तुमचा 'उ'!" त्यांचे डोळे भरून आले. "आता सांगते मी गावाले!"

उत्तमराव वाकून आत गेले. शेगडी होती. पलंग होता. हात धुवायच्या भांड्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. सरळ उभं राहायला गेले तर टाळू छताला टेकली.

"काका, चाकापाशी या," राजकुमार म्हणाला. "फोटो काढतो. बाकड्यावर दाखवू सगळ्यांना."

उत्तमराव बाहेर आले. एकदा त्या बसक्या छताकडे पाहिलं, एकदा राजकुमारच्या फोनकडे. मग पंजा पुढे करून त्यांनी कॅमेरा झाकला.

"ऱ्हाऊ दे बे. हे ते नोहे."

"नोहे?" पुष्पाबाई उठल्या. "मंग हा 'उ' कोनाचा?"

उत्तमरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "'उ' माहाच हाय. पण गाडी ही नोहे. तिले जिना व्हता."