सलून म्हणजे सलून

चष्मेवाल्यानं खेळाची पुस्तिका उघडून वाचायला घेतली आणि पहिल्याच पानावर वहिनी खूश झाल्या.

"प्रत्येक गावात एक सलून असतं," तो वाचत होता. "गावातले सगळे बंदूकबाज तिथेच जमतात. भांडणं तिथेच, समेटही तिथेच."

"घ्या! मी काय वेगळं सांगते?" वहिनी म्हणाल्या. "सलूनशिवाय कुठल्या गावाचं पान हललंय?"

वहिनी म्हणजे सगळ्या गल्लीच्या वहिनी. नवरा हजामतीत वस्ताद आणि बोलायला गोड, त्यामुळे गल्लीभर त्याचे भाऊ आणि या वहिनी. तो गेल्यावर दुकान त्या चालवतात. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, वस्तऱ्याला धार लावायचा चामडी पट्टा. साप्ताहिक सुट्टीला शटर अर्धं वर ठेवून इथे खेळ चालायचा. शेजारच्या चष्मेवाल्याला कुठूनतरी हा नाद लागला होता. इंग्रजी सिनेमातल्यासारखं धुळीनं भरलेलं एक गाव, घोडे, दरोडेखोर, फौजदार. प्रत्येकानं कागदावर आपलं एक पात्र तयार करायचं, फासे टाकायचे आणि त्या पात्राच्या तोंडून बोलायचं. पोस्टमन तर पहिल्यापासून दरोडेखोर झाला होता. आयुष्यभर लोकांच्या दारात वस्तू नेऊन दिल्या, आता जरा उचलूनही आणू द्या, असं त्याचं म्हणणं. वहिनी इतके दिवस चहा करून गंमत बघायच्या. आज त्यांच्या लेकीनं बळेच त्यांच्या हातात पेन्सिल दिली होती.

"बाईसाठी तीन पात्रं दिलीत," चष्मेवाला म्हणाला. "शाळामास्तरीण, विधवा आणि सलूनवाली."

"विधवा मी आहेच. त्यासाठी फासे कशाला टाकू?" वहिनींनी कागद पुढे ओढला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: सलूनवाली. हत्याराच्या चौकटीत लिहिलं: वस्तरा.

चष्मेवाल्यानं ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग जो हसत सुटला तो थांबेचना. "अहो वहिनी, ते सलून म्हणजे आपलं सलून नव्हे! तिकडे दारूच्या गुत्त्याला सलून म्हणतात. सलूनवाली म्हणजे पेले भरून देणारी!"

पोस्टमनच्या नाकातून चहा आला. लेकही तोंड दाबून हसली.

एरवी वहिनीही हसल्या असत्या आणि खोडून मोकळ्या झाल्या असत्या. खोडण्यात त्यांचा हात बसलेला होता. पण आज संध्याकाळी धाकटा दीर दुकानाची चावी न्यायला येणार होता. त्याला इथे मोबाइलची कव्हरं विकायची होती. "बाईच्या हातून दाढी करून घ्यायला येणार कोण?" असा त्याचा सवाल, आणि तो अगदीच खोटा नव्हता हीच पंचाईत होती. नवऱ्याचा हात थरथरायला लागला तेव्हापासून दाढ्या वहिनीच करत होत्या; पण तेव्हा तो बाजूच्या स्टुलावर बसलेला असायचा. तो गेला आणि गिऱ्हाइकं केस कापायला येत राहिली, दाढीचं नाव काढलं की मात्र "पुढच्या वेळी बघू" म्हणायची. दुकान भाड्याचं, करारावर आता वहिनींचं नाव, पण घरात करार कोण विचारतो? त्यांनी एकदा तोंड उघडलं तर दीर म्हणाला होता, "वहिनी, मान वर करून बोलू नका." त्यावर त्या "बघते" म्हणाल्या होत्या. त्या "बघते"ची त्यांना अजून चीड येत होती.

"खोडरबर देऊ?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"नको. माझ्या गावात सलून म्हणजे सलून."

"पण नियमात..."

"नियम लिहिणाऱ्याला दाढी नव्हती का? महिनामहिना घोड्यावर बसणारी माणसं. त्यांची दाढी कोण करत होतं, घोडा?"

चष्मेवाला पुस्तिकेची पानं चाळू लागला. पोस्टमनला मात्र चेव आला. "ठीक आहे. माझा दरोडेखोर दार ढकलून आत येतो. कमरेला दोन पिस्तुलं. म्हणतो, गल्ला खाली कर."

"आधी बसा," वहिनी म्हणाल्या. "तोंडावर जंगल माजलंय, तुम्हाला कोणी ओळखायचं कसं? पिस्तुलं खुंटीला लावा, कापडाखाली टोचतात. फेस लावते. हं, मान वर."

आणि पोस्टमननं, खऱ्याखुऱ्या पोस्टमननं, नकळत हनुवटी छताकडे केली.

मग लेक म्हणाली, "आई, त्याचा गळा तुझ्या हातात आहे."

"माहीत आहे. म्हणून तर गल्ला माझाच राहतो. टाका फासे."

"आता फासे कशाला?" चष्मेवाल्यानं पुस्तिका मिटली. "गाव तुमचं, वहिनी."

एवढ्यात शटर खडखडलं आणि दीर वाकून आत आला. कागद, फासे, चहाचे कप बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय पोरखेळ चाललेत? वहिनी, चावी."

"बसा, भावोजी. दाढी वाढलीय तुमची."

"मी दाढीसाठी आलो नाही."

"का? भीती वाटते?" हे लेकीनं विचारलं, अगदी साळसूदपणे.

चारचौघांत भीती वाटते असं कोण म्हणेल? दीर खुर्चीत बसला. वहिनींनी कापड गळ्याशी बांधलं, ब्रशनं फेस केला आणि कामाला लागल्या. हात असा चालला की पोस्टमन स्टूल ओढून बघत बसला. उजवा गाल लख्ख झाला. फेसाआडून दीर म्हणाला, "हात चांगला आहे, ते कोण नाकारतंय? पण चावीचं..."

वहिनींनी वस्तरा मिटून फळीवर ठेवला. जे बोलायचं होतं ते त्यांना वस्तरा हातात धरून बोलायचं नव्हतं.

"चावी मिळणार नाही. आज नाही, नंतरही नाही. मी बघते म्हटलं होतं, ते चुकलं. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. हे सलून माझं आहे आणि ते सलूनच राहील."

"वहिनी!" दीर ताडकन उठला. तेवढ्यात समोरच्या आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. अर्धं गुळगुळीत, अर्धं पांढरं. शटरखालून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसत होते.

"गिऱ्हाईक म्हणून बसायचं असेल तर बसा, डावी बाजू करून देते," वहिनी म्हणाल्या. "चावी मागायची असेल तर असेच बाहेर पडा. कोणी विचारलं तर सांगा, वहिनीनं बिनपाण्यानं केली."

दीर उभा राहिला. शटरकडे बघितलं, आरशाकडे बघितलं. मग हळूच खुर्चीत टेकला.

वहिनींनी वस्तरा उघडला, पट्ट्यावर सावकाश फिरवून घेतला.

"मान वर," त्या म्हणाल्या.

त्यानं मान वर केली.