डाव्या डोळ्याची सोबतीण

डोळ्यांच्या वॉर्डात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पट्टी सोडली की आपोआप बाहेर पडतात. मी धाराशिवच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कळंबचे एक आडतवाले काका होते. मोतीबिंदू इतका पिकवून आले की हात धरून आणावं लागलं. पट्टी सोडल्यावर बेसिनच्या आरशासमोर गेले, टोपी सारखी केली आणि हात जोडले. "दादा, तुम्ही कधी आलात?"

दादा म्हणजे त्यांचे वडील, आणि ते वारून जमाना झालेला. कैक वर्षांत काकांनी स्वतःचं तोंड नीट बघितलं नव्हतं ना! आम्ही हसलो. काका काही हसले नाहीत. घरी जाईपर्यंत आरशाकडं पाठ करून बसले.

तुळजापूरच्या खालांनी जन्मभर गोधड्या शिवलेल्या. नजर गेल्यावरही सुई ओवायच्या, नुसत्या बोटांनी. ऑपरेशन झकास झालं, आणि महिन्यानं चष्म्याला आल्या त्या तक्रार घेऊनच. आता म्हणे दोरा जात नाही. मी सुईदोरा हातात दिला. त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्या झटक्यात ओवला. "दिखे तो हाथ डरता, बेटी," म्हणाल्या.

पण सास्तूरच्या रुक्मिणमावशींपुढं हे काहीच नाही. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, कपाळ मोकळं. मुलगा पुण्यात कंपनीत, घरात सासू-सून दोघीच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका वेळी एकच डोळा करतात, म्हणून आधी उजवा केला. पट्टी सोडली तर मावशी सुनेकडं बघतच राहिल्या.

"सुनीता, तू अशी हाईस व्हय? मग दुपारी दारात येऊन बसती ती कोण?"

सून दिवसभर रानात असते. ती लग्न होऊन आली तेव्हाच मावशींची नजर अधू झालेली, आणि चार वर्षं त्या उंबऱ्यावरच्या बाईशी सूनच समजून बोलत होत्या. मी समजावलं, की डोळ्यातलं भिंग गढूळ झालं की सावल्यांचं काहीबाही दिसतं. मावशींनी ऐकून घेतलं.

महिन्यानं तपासणीला आल्या तेव्हा म्हणाल्या, उजव्या डोळ्यानं उंबरा रिकामाच असतो. तो तळहातानं झाकला की डाव्याला ती दिसते. डावा करायला साफ नकार. डॉक्टर चिडले. मोतीबिंदू जास्त पिकलाय, आता डोळ्यातला दाब वाढेल, ठणका लागेल आणि डोळा कायमचा जाईल, असं त्यांनी बजावलं. सुनीता रडायला लागली. मलाही लई वाईट वाटलं, कारण मावशी एवढंच म्हणाल्या, "दिवसभर माझ्याशी बोलणारं तेवढंच हाय, बाई."

शेवटी तयार झाल्या, पण एका अटीवर. आधी आठ दिवस घरी जाऊ द्यायचं. दारी आलेल्या बाईला हळदीकुंकू लावल्याशिवाय माघारी पाठवत नाहीत.

"माझ्या हातानं चालत न्हाय, ठावं हाय मला," मावशी म्हणाल्या. "पण दुसऱ्या कुणाला ती दिसत न्हाय."

आठ दिवसांनी आल्या. ऑपरेशनआधी कपाळ, भुवया सगळं स्वच्छ पुसून घ्यावं लागतं. मी त्यांचा पदर मागं सारला. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

मी सुनीताकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक. "म्या न्हाय लावलं, सिस्टर. काल मी रानात व्हते."

"म्या तिला लावलं, मग तिनंबी मला लावलं," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पुसा आता. गेली ती."

डॉक्टरांनी आतून दोनदा हाक मारली. ओला कापूस माझ्या हातातच होता, पण हात काही त्या कपाळाकडं जाईना.