धोंड्याच्या महिन्यातली सायकल

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी दोन घाट सायकलवरून चढलो आणि सपाट रस्त्यावर हरलो.

आम्ही भोरचे सहा निवृत्त लोक. (पैकी पाच नोकरीतून निवृत्त झाले, मी, आमच्या हिच्या मते, नोकरीत असल्यापासूनच निवृत्त होतो.) भोर, वाई, सातारा, पुणे, वेल्हे आणि परत भोर, अशी पाच दिवसांची सायकलसहल आम्ही ठरवली. म्होरके प्रभुणे सर. शाळेत कवायत शिकवायचे, शिट्टी अजून गळ्यात असते. त्यांचा नियम एकच: सामानाचा टेम्पो सगळ्यांच्या मागून येणार आणि त्यात जो बसेल त्याला पदक नाही. आमच्या हिने त्याला स्वतःचा नियम जोडला.

"टेम्पोतून घरी आलात, तर ती सायकल मी विंझरला दादाला देऊन टाकीन. तो निदान दूध तरी घालील तिच्यावरून!"

सायकल नवी कोरी! लाल! एकवीस गिअरची! मी तिला रोज फडक्याने पुसायचो. (हिने एकदा विचारलंही, "घरातल्या खिडक्यांना गिअर बसवू का?") त्यामुळे मांढरदेवीचा घाट मी जीव मुठीत धरून चढलो, पाबे घाट चढताना तर कुलदैवतापासून शेजाऱ्यांच्या दैवतापर्यंत सगळ्यांना हाका मारल्या, पण टेम्पोकडे ढुंकून पाहिलं नाही.

शेवटच्या दिवशी पहाटे वेल्ह्याहून निघालो. आता राहिलं होतं काय? विंझर, नसरापूर, कामथडी, कापूरहोळ आणि घर. अडचण एवढीच की विंझर ही माझी सासुरवाडी.

"दादाला कळवू नकोस हं," मी हिला फोनवर बजावलं. "न थांबता पुढे जायचंय."

"मी दादाला एका शब्दानं बोललेली नाही," ही म्हणाली. "वहिनीला सांगितलंय."

विंझरच्या फाट्यावर माझे मेव्हणे सोपानदादा एसटी अडवावी तसे दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे! वय बहात्तर, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर आनंद. शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन वहिनी.

"दादा, उशीर होतोय हो. पुढच्या महिन्यात येतो ना निवांत!"

"पुढच्या म्हयन्यात येऊन काय करता, दाजी?" वहिनी म्हणाल्या. "धोंड्याचा म्हयना ह्यो हाय! जावई दारावरनं उपाशी ग्येला तर गाव आमच्या तोंडात शेण घालंल!"

सहलीची तारीख ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी ऊन पाहिलं, वारा पाहिला, रस्ता पाहिला. महिना पाहिला नाही! तीन वर्षांतून एकदा येणारा अधिक महिना. त्यात सासुरवाडीला जावई म्हणजे साक्षात विष्णू, आणि विष्णूला पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात.

प्रभुणे सरांनी शिट्टी मारली. "फक्त दहा मिनिटं!"

"धा मिन्टात पाय बी धुऊन व्हायचं न्हाईत, मास्तर," वहिनी म्हणाल्या.

बाकीचे चहा पिऊन पुढे गेले. टेम्पो माझ्यासाठी थांबला. मी पाटावर बसलो. (सायकलच्या तंग चड्डीत पाटावर बसणं ही वेगळी कवायत आहे.) मुठीएवढे धोंडे, वर तुपाची धार.

"बस्स, दोन पुरेत."

"दोन आमच्या हातचं झालं. आता दोन नणंदबाईंच्या नावानं!"

मग दोन थोरल्या लेकीच्या नावानं, दोन धाकटीच्या. नववा कोणाच्या नावाने खाल्ला, आठवत नाही. त्यानंतर टॉवेल, टोपी, नारळ आणि तेहतीस अनारशांचा डबा.

"वहिनी, हे सायकलवर कुठे ठेवू?"

"पोटात जागा आसंल तर थितंच!"

सायकल चालवताना पुढे वाकावं लागतं. नऊ धोंडे खाल्लेला माणूस कुठेच वाकत नाही. मी ताठ बसून दहा-बारा पायडल मारले आणि मारुतीच्या देवळासमोर, सासुरवाडीच्या अंगणातून स्पष्ट दिसेल अशा ठिकाणी, अगदी सावकाश आडवा झालो.

दादा धावत आले. "लागलं का वो?"

"काही नाही! मी टेम्पोत बसणार नाही! बसणार नाही म्हणजे नाही!"

"बसू नगा. झोपा," दादा म्हणाले, आणि ड्रायव्हरच्या मदतीने मला मागच्या पथारीवर ठेवलं. उशाला अनारसे. "सायकलीचं बघतो म्या. तीस वर्सं नसरापूरला दूध घातलंय सायकलीवरनं."

पायजम्याला खाली दोरी बांधून दादांनी टांग टाकली. गिअरला त्यांनी हातही लावला नाही. कामथडीजवळ आम्ही बाकीच्यांना गाठलं तेव्हा मी कसाबसा उठून टपावरून पुढे पाहिलं. दादा एकेकाला मागे टाकत चालले होते! प्रभुणे सरांनी शिट्टी मारली. दादांना वाटलं, मागून गाडी येतेय. ते अदबीने बाजूला झाले आणि सरांच्याही पुढे गेले. मला लाज वाटायला हवी होती. पण टोपी सावरत निघालेल्या त्या म्हाताऱ्याला पाहून मला इतका आनंद झाला की मी टेम्पोतून टाळ्या वाजवल्या.

भोरला एसटी स्टँडसमोर ही आरतीचं ताट घेऊन उभी होती. पहिला आला तिचा दादा. हिने त्याला ओवाळलं. सरांनी माझं पदक दादांच्या गळ्यात घातलं. मग टेम्पोचं फळकं उघडलं आणि टोपी-टॉवेलसह मी.

"मी बसलो नव्हतो," मी म्हणालो. "झोपलो होतो!"

"किती खाल्ले?"

"नऊ."

"दादा, सायकल तुझी."

दादांनी कानाला हात लावले. "छ्या! धोंड्याच्या म्हयन्यात जावयाकडनं घ्यायची व्हय? लोक काय म्हणतील!"

मला एकदम आशा वाटली. हा माणूस देवमाणूस आहे, असं मी म्हणणारही होतो.

"जावयाकडून नको घेऊस," ही म्हणाली. "बहिणीकडून घे."

"मग हरकत न्हाई," दादा म्हणाले, आणि घंटी वाजवून पाहिली.

आता त्या लाल सायकलला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकतात. एकवीस गिअर आहेत, दादा एकच वापरतात. धोंड्याच्या महिन्यात जावयाने सासुरवाडीहून भरल्या हातांनी यायचं असतं. आपलं वाहन सासुरवाडीला देऊन टेम्पोतून परतलेला विष्णू मात्र मी एकटाच!